रस्ते अपघात: सुरक्षित वाहन चालवण्यापासून जखमीच्या भरपाईपर्यंत

अपघातानंतर पहिले काही दिवस जखमीचे नातेवाईक रुग्णालयाच्या आवारात असतात, आणि त्याच दिवसांत पोलिसांची नोंद, घटनास्थळाचा पंचनामा, रुग्णालयाची कागदपत्रे आणि साक्षीदारांचे जबाब तयार होत असतात किंवा व्हायचे राहून जात असतात. दोन-चार वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर सुनावणी उभी राहते, तेव्हा जखमीने किती सोसले यापेक्षा त्या पहिल्या दिवसांत कागदावर काय आले यावर निकाल अधिक अवलंबून असतो. हा लेख प्रामुख्याने महाराष्ट्रातील वाचकांसाठी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ केंद्रीय असल्यामुळे त्यातील बहुतेक भाग गोव्यातही तसाच लागू होतो. सुरुवात वाहन चालवण्यापासून केली आहे, कारण दाव्यात विरुद्ध बाजू जे प्रश्न विचारते त्यांपैकी बरेचसे प्रश्न अपघाताच्या आधीच्या आपल्या वागण्याबद्दल असतात.

वाहन बाहेर काढण्यापूर्वी

विम्याची पॉलिसी आजच उघडून वाचावी. दुचाकीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण कायद्याने बंधनकारक असलेला केवळ थर्ड पार्टी विमा (आपल्या वाहनामुळे इतरांना झालेल्या नुकसानीपुरता) काढलेला असेल, तर आपल्याच दुचाकीवर मागे बसलेल्या व्यक्तीची जबाबदारी त्या पॉलिसीत येत नाही. पत्नीला किंवा मुलाला मागे बसवून रोज प्रवास करणाऱ्या कितीतरी लोकांना हे ठाऊक नसते. सर्वसमावेशक पॉलिसीत मागे बसणाऱ्याला संरक्षण मिळते, म्हणून थोडा जास्त हप्ता भरून ती घेणे शहाणपणाचे आहे. दुसरी गोष्ट मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची. तो १५ लाख रुपयांचा असतो आणि चूक कोणाचीही असली तरी मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी पॉलिसीतील अटींप्रमाणे मिळतो. स्वतःची गाडी स्वतःच्याच चुकीने दुभाजकावर गेली, तर दुसऱ्या कोणाविरुद्ध दावा करता येत नाही आणि तेव्हा हाच एक आधार उरतो. नूतनीकरण करताना एजंट हप्ता कमी दाखवण्यासाठी तो वगळून टाकतो, त्यामुळे पावतीवर त्याची स्वतंत्र नोंद आहे का, हे पाहावे.

परवाना, आरसी, पीयूसी आणि पॉलिसी डिजिलॉकरमध्ये असली तर चालतात, परंतु त्यांच्या मुदती स्वतः तपासाव्यात. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विमा कंपनीला मालकाकडून रक्कम वसूल करण्याचे कारण मिळते. गोव्यात सुट्टीसाठी गेल्यावर स्कूटर भाड्याने घेताना नंबरप्लेट पाहावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या वाहनाची प्लेट काळी असते आणि तिच्यावरील अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी शंभर रुपये स्वस्त पडते, पण अपघात झाल्यास पॉलिसीच्या अटींचा भंग झाला, असे म्हणायला कंपनी मोकळी असते.

वेग, अंतर आणि आपले रस्ते

वेगाविषयीचे उपदेश सर्वांनी ऐकलेले असतात, पण आकडे फार थोड्यांनी मांडून पाहिलेले असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोरचा धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद धरला, तर ब्रेक लागण्याआधीच २५ मीटर सरलेले असतात आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. हेच गणित ताशी १०० किलोमीटरला केले, तर एकूण अंतर जवळपास शंभर मीटर होते. वेग दुप्पटही झालेला नसतो, अंतर मात्र दुपटीहून अधिक होते, कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा निसरडा थर तयार होतो, तेव्हा ६० च्या वेगालाही साठेक मीटर हवेत. पुढच्या वाहनापासून किमान तीन सेकंदांचे अंतर ठेवावे: त्याने एखादा खांब ओलांडला की मनात सेकंद मोजावेत आणि तीन मोजण्याआधीच आपण त्या खांबाशी पोहोचलो, तर वेग कमी करून अंतर वाढवावे. पावसात हे अंतर दुप्पट करावे. मधल्या मोकळ्या जागेत कोणीतरी घुसतो, ही तक्रार खरी आहे. तो घुसला की पुन्हा अंतर तयार करावे, एवढेच आपल्या हातात असते.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवण्याची सवय महाराष्ट्रात अनेकांच्या जिवावर उठली आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार या बाबतीत कुप्रसिद्ध आहे, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच जड वाहनाच्या धडकेत कितीतरी गाड्या सापडल्या होत्या. गाडी गिअरमध्ये असताना इंजिन स्वतःच चाकांना धरून ठेवते; न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक सतत दाबल्याने ड्रम तापतात आणि शेवटी पाय पूर्ण दाबूनही पकड मिळत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या एसटी चालकांचा नियम आजही अचूक आहे. लहान गाडीच्या चालकाने अशा उतारावर आरशात मागचे जड वाहन पाहत राहावे आणि त्याच्या थेट पुढे राहणे टाळावे.

गळीत हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीच्या आसपासपासून पुढचे काही महिने, पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. त्यांना अनेकदा मागचे दिवे नसतात, असलेले रिफ्लेक्टर उसाच्या लोंबणाऱ्या शेंड्यांनी झाकलेले असतात, आणि एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्यामुळे ओव्हरटेक करताना लांबीचा अंदाज चुकतो. या पट्ट्यात रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपले की वेग लगेच उतरवावा, कारण त्या दोन-तीन सेकंदांच्या आंधळेपणातच उभी ट्रॉली दिसत नाही. ट्रकचालक उजवा इंडिकेटर देतो तेव्हा तो ‘पुढे जा’ म्हणतो आहे की स्वतः उजवीकडे वळतो आहे, हे केवळ दिव्यावरून ठरवता येत नाही; समोरचा रस्ता स्वतःला दिसत नसेल तर त्याच्या इंडिकेटरवर विसंबू नये.

समृद्धी महामार्गावर अडचण उलट प्रकारची आहे. ७०१ किलोमीटरचा सरळ, एकसुरी रस्ता आणि मोटारींसाठी १२० ची वेगमर्यादा यांमुळे डोळे उघडे असूनही लक्ष विरत जाते. दर दोन तासांनी थांबून खाली उतरावे. टायरमधील हवा प्रवास सुरू करण्यापूर्वी, टायर थंड असताना, उत्पादकाने दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि उन्हाळ्यात फुटतो. चारचाकीच्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरहून उथळ झाल्या असतील तर तो टायर कायद्यानेही बाद आहे.

मागच्या आसनावरील पट्टा हा आपल्याकडे अजूनही ऐच्छिक समजला जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला, तेव्हा मागे बसलेले ते आणि त्यांचे सहप्रवासी यांनी पट्टा लावलेला नव्हता आणि दोघांचाही मृत्यू झाला. पट्टा न लावलेला मागचा प्रवासी धडकेच्या क्षणी पुढच्या माणसावरही आदळतो, म्हणून पुढे बसलेल्यानेच त्याचा आग्रह धरायला हवा. दुचाकीवर चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही आयएसआय खुणेचे हेल्मेट आणि हनुवटीखाली घट्ट लावलेला पट्टा आवश्यक आहे. डोक्याला मार लागलेल्या प्रकरणात हेल्मेट नव्हते असे निघाले, तर विमा कंपनी जखमीच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा मुद्दा घेऊन रक्कम कापण्याची मागणी हमखास करते.

अपघात झाल्यावर पहिला तास

कायद्याने गंभीर इजेनंतरच्या पहिल्या एका तासाला ‘गोल्डन अवर’ म्हटले आहे. आधी मागून येणारे वाहन आदळणार नाही याची काळजी घ्यावी: धोक्याचे दिवे लावावेत, धोक्याचा चमकणारा त्रिकोण शक्य तितका मागे ठेवावा आणि द्रुतगती मार्गावर असल्यास सर्वांनी कठड्यापलीकडे जावे, गाडीच्या मागे उभे राहू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. ठिकाण सांगताना रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा आणि कोणत्या दिशेची मार्गिका आहे, हे सांगितले की मदत लवकर पोहोचते.

वाहते रक्त स्वच्छ कापडाने सतत दाबून धरावे. जखमीला पाणी पाजू नये; हे आपल्याकडे प्रेमापोटी केले जाते, परंतु बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते आणि शस्त्रक्रियेच्या वेळीही अडचण होते. मान आणि पाठ हलवू नये, श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये. आग किंवा बुडण्याचा धोका असेल तरच जखमीला जागेवरून हलवावे.

मदत करणाऱ्याला पोलिसांची भीती वाटण्याचे आता कारण नाही. कलम १३४अ प्रमाणे सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, त्याला नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, आणि रुग्णालय त्याच्याकडे पैशांची मागणी करू शकत नाही. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्र सरकारची ‘राह-वीर’ योजना असून तिचे बक्षीस २५ हजार रुपये आहे. तरीही त्याने स्वेच्छेने साक्ष द्यायची तयारी दाखवली, तर जखमीच्या कुटुंबाच्या दृष्टीने तो फार मोलाचा माणूस असतो. त्याचा फोन नंबर नम्रपणे मागून घ्यावा.

वाहन आपण चालवत असू आणि दुसरा जखमी झाला असेल, तर कलम १३४ प्रमाणे त्याला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना माहिती देणे बंधनकारक आहे. जमावाच्या रोषामुळे थांबणे अशक्य असेल, ही शक्यता त्याच कलमात गृहीत धरलेली आहे. अशा वेळी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन माहिती द्यावी आणि वाटेतूनच ११२ वर फोन करावा, म्हणजे पळून गेल्याचा आरोप टिकत नाही. आपल्या विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

घटनास्थळी दोन पक्षांत ‘मिटवून टाकण्याची’ घाई फार होते. पाच-दहा हजार रुपये हातात ठेवून ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून घेतले जाते, आणि दुसऱ्या दिवशी पायात फ्रॅक्चर किंवा डोक्यात रक्तस्राव निघतो. इजा झालेली असेल तर असा कागद कोणत्याही परिस्थितीत लिहून देऊ नये.

फोटो काढताना केवळ जखमा आणि मोडलेला पत्रा टिपू नये. दोन्ही नंबरप्लेट, वाहने थांबली ती जागा, ब्रेकच्या खुणा, काचांचा सडा, खड्डा, दिव्यांची स्थिती आणि लांबून दिसणारा संपूर्ण रस्ता यांचे फोटो अधिक उपयोगी ठरतात. मूळ फोन आणि मूळ फाइल जपून ठेवावी, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते.

रुग्णालयात

दाखल होताना ‘घरी पडलो’ किंवा ‘जिन्यावरून घसरलो’ असे सांगण्याचा सल्ला पोलिसांची कटकट टाळण्यासाठी कोणीतरी हमखास देतो. पुढे हेच वाक्य केसपेपरवर राहते आणि उलटतपासणीत दावा मोडण्यासाठी वापरले जाते. रस्ता अपघात, कोणत्या वाहनाने, कुठे आणि साधारण किती वाजता, एवढे पहिल्याच नोंदीत आले पाहिजे आणि रुग्णालयाने एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंदवून पोलिसांना कळवले पाहिजे. वाहनाचा नंबर ठाऊक नसेल तर अंदाजाने सांगू नये. ‘अज्ञात ट्रक’ ही नोंद चुकीच्या नंबरपेक्षा कितीतरी बरी.

खर्चाच्या बाबतीत, केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या रोकडरहित उपचार योजनेनुसार मोटार वाहनामुळे रस्त्यावर अपघातग्रस्त झालेल्या व्यक्तीला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळू शकतात. ११२ वर जवळच्या नियुक्त रुग्णालयाची चौकशी करावी. उत्पन्नाची किंवा स्वतःच्या विम्याची अट त्यासाठी नाही. आरोग्य विमा असेल तर तोही वापरावा. मेडिक्लेमची मिळालेली रक्कम अपघात भरपाईच्या वैद्यकीय खर्चातून वजा करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

एका फाइलमध्ये प्रत्येक बिल, औषधाची चिठ्ठी, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि रिक्षा-रुग्णवाहिकेच्या पावत्या तारखेप्रमाणे लावाव्यात. औषधाच्या बिलाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर ते बिल सहसा नाकारले जाते. घरी देखभालीसाठी मदतनीस ठेवला असेल, तर त्याला बँकेतून पैसे द्यावेत किंवा सही घेऊन पावती ठेवावी.

पोलीस ठाणे आणि कागद

प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नोंदवण्यासाठी जखमीची शुद्ध येण्याची वाट पाहण्याची गरज नाही. नातेवाईक किंवा प्रत्यक्षदर्शीही ती देऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचे कारण देऊन खबर नाकारता येत नाही आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद घेतलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात आयुक्तालयातील वरिष्ठांना लेखी कळवावे आणि तरीही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. उपचारांच्या गडबडीत खबर काही दिवस उशिरा दिली गेली, तर केवळ तेवढ्या कारणावरून भरपाईचा दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. मात्र उशिराचे कारण खबरीतच लिहून घ्यावे.

फिर्याद सही करण्याआधी वाचावी, किंवा वाचता येत नसल्यास विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्यावी. वाहनांची दिशा, रस्त्याची कोणती बाजू आणि कोण कोणाला धडकले, ही तीन वाक्ये बरोबर आहेत की नाहीत, हे पाहावे. घटनास्थळ पंचनाम्यातील कच्चा नकाशाही या तीन वाक्यांशी जुळला पाहिजे. माझ्या मते संपूर्ण दाव्यात या पंचनाम्याएवढा निर्णायक दुसरा कागद नाही, आणि नेमका तोच कुटुंबातील कोणीही हजर नसताना तयार होतो. एखादा नातेवाईक रुग्णालयात थांबला असेल, तर दुसऱ्याने पंचनाम्याच्या वेळी घटनास्थळी असावे. आजूबाजूचा पेट्रोल पंप, ढाबा, दुकान किंवा टोलनाका यांच्या सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांतच पुसले जाते, म्हणून ते ताब्यात घेण्याची लेखी विनंती तपास अधिकाऱ्याला त्याच आठवड्यात देऊन पोच घ्यावी.

१ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांनी पोलिसांना वेळापत्रक घालून दिले आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जायला हवा. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुनाही दहा दिवसांत द्यावयाचा असतो. हा नमुना आपल्याला मिळाला का, असे विचारल्यावर तपास अधिकाऱ्याला समजते की समोरच्याला नियम माहीत आहेत. सविस्तर अहवाल हाच भरपाईचा अर्ज म्हणून धरण्याची तरतूद कायद्यात असली, तरी तिच्यावर पूर्णपणे विसंबून राहू नये.

भरपाईचे मार्ग

तीन मार्ग आहेत आणि त्यांतील फरक समजून न घेता सही केल्यास मोठे नुकसान होते.

पहिला मार्ग असा: धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध लागलाच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज न्यायालयात न करता महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे दावा चौकशी अधिकारी म्हणून नेमलेल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो. वाहन नंतर सापडले आणि नियमित भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत करावी लागते.

दुसरा मार्ग मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ चा. यात चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही; मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. तिसरा मार्ग कलम १६६ चा, ज्यात चालकाचा निष्काळजीपणा आणि प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते, पण रकमेला कमाल मर्यादा नाही. सापळा असा आहे की कलम १४९ च्या, म्हणजे विमा कंपनीने देऊ केलेल्या तडजोडीच्या, प्रक्रियेतून कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. हात किंवा पाय कायमचा निकामी झालेल्या तरुण माणसाला अडीच लाखांचा धनादेश दाखवला जातो तेव्हा घरात पैशांची नितांत गरज असते, आणि म्हणूनच सही करण्याआधी पुढील हिशेब मांडून पाहावा.

समजा जखमीचे वय ३४ आणि मासिक उत्पन्न १८ हजार रुपये आहे, तो स्वतःचा छोटा व्यवसाय करतो आणि अपंगत्वामुळे त्याची कमावण्याची क्षमता २५ टक्क्यांनी घटली आहे. वार्षिक उत्पन्न २,१६,००० रुपये. स्वयंरोजगार आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवले की ३,०२,४०० होतात. त्याचे २५ टक्के म्हणजे ७५,६००. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयासाठी गुणक (वार्षिक नुकसानाला ज्याने गुणायचे तो आकडा) १६ आहे, त्यामुळे केवळ भावी उत्पन्नाचे नुकसान १२,०९,६०० रुपये येते. वैद्यकीय खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, मदतनीस, पुढील शस्त्रक्रिया, वेदना आणि जीवनातील सुखांना मुकणे या बाबी वेगळ्या. विवाहाची शक्यता घटणे हीदेखील मान्य झालेली बाब आहे.

या हिशेबात २५ टक्के हा आकडा कुठून येतो, हे नीट समजून घ्यायला हवे. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी अनेकदा एका अवयवापुरती असते, आणि न्यायाधिकरणाला शोधायचे असते ते त्या माणसाच्या कामावर झालेला परिणाम. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उलगडला आहे: डावा हात गमावलेला चालक किंवा सुतार आपला धंदा जवळजवळ पूर्णच गमावतो, पण तीच इजा झालेला कारकून नोकरीत राहू शकतो. म्हणून आपण नेमके काय काम करत होतो, त्यातील कोणत्या हालचाली आता जमत नाहीत आणि पर्यायी काम कोणते मिळाले, हे शपथपत्रात तपशिलाने यायला हवे. ‘काम करता येत नाही’ या एका वाक्याने फारसे काही सिद्ध होत नाही. प्रमाणपत्र शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे किंवा शासकीय रुग्णालयाचे असावे, आणि डॉक्टर साक्षीला येतील का, हे आधीच विचारून ठेवावे.

उत्पन्नासाठी पगारपत्रके, फॉर्म १६, आयकर विवरणपत्रे, बँकेचा उतारा; शेतकऱ्यांसाठी सात-बारा, साखर कारखान्याची किंवा बाजार समितीची पट्टी, दूध संघाची बिले. केवळ सात-बारा दिला तर ‘जमीन आहे तशीच आहे, उत्पन्न बुडाले कुठे’ असा प्रश्न येतो. जखमी स्वतः शेतात राबत होता आणि आता मजूर लावावे लागतात, हे दाखवावे लागते. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला द्यावा, कारण आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले आहे.

दावा दाखल करणे

अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज दाखल करावा, असे कलम १६६(३) सांगते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, परंतु त्या भरवशावर थांबणे धोक्याचे आहे. उपचार चालू असतानाही अर्ज करता येतो आणि पुढील खर्चाची कागदपत्रे नंतर जोडता येतात. अर्ज अपघाताच्या जिल्ह्यात, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा विरुद्ध पक्ष राहतो तिथे करता येतो. नाशिकच्या माणसाला कोल्हापूरजवळ अपघात झाला, तर तारखांसाठी कोल्हापूरला जाण्याचे कारण नाही. चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही पक्षकार करावे. एसटीच्या बसने धडक दिली असेल तर महामंडळाला पक्षकार करावे लागते.

विमा कंपनी सुरुवातीलाच परवाना वैध नव्हता किंवा अटींचा भंग झाला, असे म्हणते. जखमी त्रयस्थ व्यक्ती असेल तर बहुतेक वेळा न्यायाधिकरण कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी, असा आदेश देते. वाहनाला विमाच नसेल तर मालकाकडून वसुली कठीण जाते, म्हणून तारण घेतल्याशिवाय ते वाहन सोडू नये, असा अर्ज वाहन पोलिसांच्या ताब्यात असतानाच करावा. अपघात कामावर असताना झाला असेल, तर कामगारांच्या भरपाईविषयीचा कायदा आणि मोटार वाहन कायदा यांपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

वकील निवडताना एक खूण लक्षात ठेवावी. रुग्णालयातच येऊन ‘एक पैसा देऊ नका, मिळेल त्यातले अमुक टक्के’ असे सांगणाऱ्या माणसापासून दूर राहावे. निकालावर अवलंबून टक्केवारीने शुल्क ठरवणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही. कोऱ्या कागदांवर किंवा कोऱ्या धनादेशांवर सही करू नये. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. त्याचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते.

लोकअदालतीतील तडजोड लवकर पैसे देते आणि वृद्ध किंवा गरजू अर्जदारासाठी ती योग्यही असू शकते. तेथील निवाड्याविरुद्ध अपील नसते, म्हणून हाड जुळले आहे की नाही आणि आणखी शस्त्रक्रिया लागेल की नाही, हे स्पष्ट होण्याआधी तडजोड करू नये. कंपनीचा आकडा आणि वरच्या पद्धतीने मांडलेला आपला आकडा शेजारी ठेवावेत, खटल्याला लागणारी वर्षे विचारात घ्यावीत, आणि मग ठरवावे.

निकालानंतर रक्कम ३० दिवसांत जमा व्हायला हवी आणि तिच्यावर साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळते. रक्कम कमी वाटल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. विरुद्ध पक्षाने पैसे भरलेच नाहीत, तर कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरणाकडून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुलीचा दाखला मागावा. त्यावरून ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. दाखला निघाल्यावर तो तहसील कार्यालयात कोणाच्या टेबलावर आहे, याचा पाठपुरावा अर्जदारालाच करावा लागतो, आणि त्यासाठी दाखल्याचा क्रमांक, तारीख आणि मालकाच्या मिळकतीचा तपशील स्वतःजवळ लिहून ठेवावा.